१५ ऑगस्टचा खाऊ, सोसायटीची पंगत आणि ज्याच्या-त्याच्या श्रद्धा

मीठभाकर (धागाकर्ता)

यंदा, म्हणजे २०२६ ला, १५ ऑगस्ट शनिवारी येतोय. श्रावण दोनच दिवस आधी लागलेला असेल, जैनांचा चातुर्मास चालू असेल आणि त्याच दिवशी पारशांचं शहेनशाही नवं वर्ष आहे. बहुतेक सोसायट्यांचा बेत ठरलेला असतो: सकाळी ध्वजवंदन, मग पोहे-जिलेबी, संध्याकाळी सगळ्यांचं एकत्र जेवण. राष्ट्रीय सणाच्या या खाण्यापिण्याने एखाद्या अल्पसंख्य समाजाच्या धर्माला खरंच धक्का लागतो का? लागत असेल तर नेमका कुठे लागतो?

हा विषय निघाला की लगेच 'भावना दुखावल्या' आणि 'फार लाड झाले' अशी भांडणं सुरू होतात आणि ताटातल्या पदार्थापर्यंत कोणी पोचतच नाही. म्हणून विनंती आहे, इथे घटक, भांडी, वेळा आणि नियम यांवर बोलू या.

माझं मत आधीच मांडतो. शेजारच्या ताटात काय आहे यावरून माणूस सहसा दुखावत नाही. आपल्या ताटात न सांगता काही घातलं गेलं, किंवा आपण न खाल्लेल्या घासावरून आपलं देशप्रेम मोजलं गेलं, की दुखावतो. पहिल्यावर स्वयंपाकघरात उपाय आहे. दुसऱ्यावरचा उपाय कमिटीने स्वतःच्या वागण्यात शोधायला हवा.

---

सुंठसाखर

जिलेबीपासूनच सुरुवात करते, कारण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आपल्याकडे चौकाचौकात तिचेच स्टॉल लागतात.

हलवायाची पारंपरिक जिलेबी आंबवलेल्या मैद्याची असते आणि पीठ आदल्या दिवशी भिजवलेलं असतं. जैन आचारात रात्र उलटलेलं ओलं पीठ वासी धरतात. त्यात जीवोत्पत्ती होते म्हणून ते वर्ज्य. त्यामुळे पक्का आचार पाळणारा जैन 'शाकाहारी' जिलेबीलाही हात लावत नाही. त्याचं त्याला वाईट वाटत नाही. "शाकाहारीच आहे हो, आजच्या दिवशी तरी घ्या" असा आग्रह तीनदा झाला की मात्र वाटतं.

यावर सोपा उपाय म्हणजे ऐनवेळी भिजवलेल्या पिठाची जिलेबी. १ किलो मैदा, १०० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम तूप, साधारण १ लिटर पाणी. पीठ एकजीव करून अर्धा तास ठेवायचं. तळायच्या अगदी आधी त्यात एक सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि तेवढंच लिंबूसत्त्व. पाक एकतारी: २ किलो साखरेला १ लिटर पाणी. पाक कोमट असावा, उकळता नको. चूक होते ती सोडा घालण्यात. सोडा घातलेलं पीठ वीस मिनिटं पडून राहिलं की वायू निघून जातो, जिलेबी चपटी होते, आत पोकळी राहत नाही आणि ती पाक ओढत नाही. म्हणून सगळ्या पिठात एकदम सोडा घालू नका. एका घाण्यापुरतं पीठ काढून घ्या, त्यात घाला, लगेच तळा. आंबवलेल्या जिलेबीची ती खास आंबूस चव येत नाही, हे कबूल. पण ती सगळ्यांना खाता येते.

बाकी नियम, स्वयंपाक करणाऱ्यांसाठी:

कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं नाही. ओलं आलं नाही, सुंठ चालते. ओली हळद नाही, हळदपूड चालते. चातुर्मासात बरेच जण पालेभाजीही सोडतात आणि त्यात कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिनाही आला. त्यामुळे वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीने अख्खं पातेलं बाद होतं. हे बहुतेक आचाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

द्विदलाचा नियम तर फार थोड्यांना माहीत असतो. न तापवलेलं दही किंवा ताक डाळीच्या पदार्थात मिसळायचं नाही. म्हणजे दहीवडा गेला. कढी चालू शकते, पण ताक आधी नीट तापवून मग त्यात बेसन घालायचं. आपण एरवी उलट करतो, गार ताकात बेसन घुसळून मग चुलीवर ठेवतो.

आणि वेळ. चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. मुंबईत १५ ऑगस्टला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. जेवण साडेआठला ठेवलंत तर ताट कितीही शुद्ध असो, त्या माणसांना आमंत्रण नसल्यासारखंच आहे.

---

कढईवाला

दीडशे माणसांच्या पोह्यांचा हिशेब देतो. माणशी ६० ते ६५ ग्रॅम कोरडे जाडे पोहे, म्हणजे एकूण १० किलो. त्याला दीड लिटर तेल, १ किलो शेंगदाणे, २ किलो मटार, ६-७ नारळ, ३० लिंबं.

हे १० किलो एका कढईत करायचेच नाहीत. तीन-चार किलोच्या वर गेलं की खालचे पोहे लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात. मग घाणे पाडायचेच आहेत तर क्रम असा लावा: पहिला ३ किलोचा घाणा कांदा-बटाटा-कोथिंबिरीशिवाय, मटार आणि खोबरं घालून. तो झाकून बाजूला, त्याचा झारा त्याच्याच पातेल्यात. नंतर कांद्याचे घाणे. सात किलोला साडेतीन किलो कांदा पुरतो.

क्रम उलटा झाला की काय होतं? कांद्याच्या कढईत नुसतं फडकं मारून 'जैन' पोहे परततात. किंवा त्याहून वाईट, झालेल्या पोह्यांतला कांदा वेचून काढतात आणि वर पाटी लावतात. खाणाऱ्याला पहिल्या घासात कळतं. आचाऱ्याला 'जैन आहे का?' असं विचारू नका, तो हो म्हणणारच. विचारा, "फोडणी वेगळी केली का? पहिली केली का नंतर? झारा कोणता?" आधी भजी तळलेलं तेल जिलेबीला वापरणारेही असतात. जिलेबीची कढई स्वतंत्र आहे का ते तळणी सुरू होण्याआधी जाऊन बघा.

जिलेबी माणशी ६०-७० ग्रॅम धरा. दीडशे माणसांना १० किलो. उरते, पण कमी पडत नाही.

---

ओली_मिरची

आमच्याकडे दरवर्षी तिरंगी पुलाव असतो. केशरी थर गाजराचा, हिरवा पालकाचा. त्यात कोणाला काय अडेल?

---

सुंठसाखर

@ओली_मिरची, तिरंग्याचे दोन्ही रंगीत थर अडतात. गाजर कंद आणि पालक चातुर्मासातली पालेभाजी. जैन माणसाला उरतो फक्त मधला पांढरा भात, आणि तोही थर लावताना बाजूच्यांत मिसळतो.

केशरीसाठी लाल भोपळा किंवा टोमॅटो वापरा, हिरव्यासाठी वाटलेला मटार. १ किलो तांदळाला ४०० ग्रॅम भोपळा वाफवून गाळून घ्या. टोमॅटो घेतलात तर त्याचं पाणी आटवून घ्या, नाहीतर भात चिकट होतो आणि रंग गुलाबीकडे झुकतो. मटार उकडल्यावर लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर हिरवा थर राखाडी दिसतो.

---

कलम_एकवीस

तिरंगी पदार्थांवरून एक माहिती. कोइम्बतूरला २०१३ च्या नाताळात तिरंगा आणि अशोकचक्र काढलेला मोठा केक कापला, म्हणून १९७१ च्या राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानविरोधी कायद्याखाली तक्रार झाली होती. मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो अवमान नाही असा निकाल दिला. तरी माझा सल्ला, पदार्थांवर अशोकचक्र काढू नका. तीन रंग पुरेसे आहेत, आणि चक्रावर सुरी फिरवायची वेळच येत नाही.

---

बोहरी_आळी

मुसलमानांच्या बाजूने अडचण ताटापेक्षा ताटाच्या आधी येते. ध्वजस्तंभाशेजारी भारतमातेची तसबीर ठेवतात, हार घालतात, नारळ फोडतात, पेढ्यांचा बॉक्स समोर ठेवतात आणि मग तोच बॉक्स फिरतो. पेढ्यात खवा आणि साखरच आहे, पण आता तो नैवेद्य झाला. बरेच मुसलमान आणि काही पंथांचे ख्रिस्तीही देवतेपुढे ठेवलेलं अन्न खात नाहीत. तो माणूस झेंड्याला सलाम करतो, राष्ट्रगीत म्हणतो आणि पेढ्याला 'नको' म्हणतो. तबक धरणाऱ्याला वाटतं याने राष्ट्राला नको म्हटलं. गैरसमज इथे जन्मतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

उपाय अगदी लहान आहे. मिठाई वेगळ्या टेबलावर, झाकलेली. ज्यांना पूजा करायची त्यांनी वाटीभर पेढे वेगळे ठेवून त्यांचा प्रसाद वाटावा. माइकवरून सगळ्या मिठाईला 'प्रसाद' म्हणू नये. कोणाचंही काही कमी होत नाही.

मुलांना वाटायच्या गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन बघा. जेलीच्या गोळ्या, मार्शमॅलो, काही च्युइंग गोळ्या. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात प्राणिज जिलेटिन असू शकत नाही. मांसाहारी खूण म्हणजे तपकिरी त्रिकोण. सुट्या, बरणीतल्या गोळ्या घेऊ नका, त्यांवर खूणच नसते. हाच नियम शाकाहारी हिंदूंना, जैनांना आणि मुसलमानांना एकदम पुरतो. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचंही तेच. पूर्वी तो जनावरांच्या आतड्यांच्या थरांत कुटला जायचा. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्ख बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरायला मनाई केली. हलवायाकडे वर्खाचं पाकीट मागून बघा, नाहीतर वर्खाशिवायची मिठाई घ्या.

संध्याकाळी मांसाहार ठेवणार असाल तर हलाल की झटका हा प्रश्न येणारच. हलाल मुसलमानांना लागतं, पण शीख रहत मर्यादेनुसार, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेनुसार, अमृतधारी (दीक्षा घेतलेल्या) शिखाला तेच वर्ज्य. मासे ठेवलेत की बराच गुंता सुटतो, कारण माशाला कापण्याचा विधी लागत नाही. मासाही खवल्यांचा घ्या. आम्हा बोहऱ्यांत आणि शियांमध्ये खवले असलेलाच मासा चालतो. कोळंबी चालते, खेकडा नाही. हनफी पंथाचे सुन्नी मुसलमान खेकडा टाळतात, कोळंबीवर त्यांच्यात दोन मतं आहेत. अलिबागकडच्या बेने इस्रायलींना (मराठी ज्यूंना) पंख आणि खवले दोन्ही लागतात आणि कोळंबी अजिबात नाही. पापलेट या सगळ्यांना चालतं. मुशी मात्र बऱ्याच जणांना अडते.

वेळेबद्दल: १५ ऑगस्ट १९४७ हा दिवसच रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतला, तोही शुक्रवार. पुढे २०२९ आणि २०३० च्या २६ जानेवारीला रमजान असेल. त्या वेळी रोजा असणाऱ्यांसाठी पोहे बांधून ठेवू नका, संध्याकाळपर्यंत ते वातड होतात आणि खोबरं आंबतं. लाडू, केळं, खजूर असा कोरडा पुडा द्या.

---

गोदाकाठ

सगळं वाचलं. मला एवढंच विचारायचं आहे की मग सरळ पूर्ण शाकाहार का नको? शाकाहारी जेवण सगळ्यांना चालतं, मांसाहारी सगळ्यांना चालत नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला दारूची दुकानं बंद असतात, तेव्हा कोणी म्हणत नाही की माझ्या हक्कावर गदा आली. तसंच एक दिवस मांसाची दुकानं बंद राहिली तर कोणाच्या धर्माला धक्का लागतो? कुठल्याच धर्मात 'आज मांस खाल्लंच पाहिजे' असं नाही. स्वातंत्र्यदिनी हिंसा नको ही भावना मनापासूनची आहे, तिच्यामागे कोणाचा द्वेष नाही.

---

कलम_एकवीस

@गोदाकाठ, तुमच्या भावनेवर माझा संशय नाही. पण यात दोन प्रश्न एकत्र झालेत.

एक प्रश्न सामाईक पातेल्याचा. वर्गणी सगळ्यांची, पातेलं एक, तर त्यात जास्तीत जास्त लोकांना चालेल ते शिजवावं. इथे मी पूर्ण तुमच्याबरोबर. दीडशे माणसांच्या सकाळच्या नाश्त्यात मांस नसल्याने कोणाचंही अडत नाही.

दुसरा प्रश्न शहराच्या बाजाराचा. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला चोवीस तास कत्तलखाने आणि मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला. छत्रपती संभाजीनगर, मालेगाव, नागपूर इथेही तसे आदेश निघाले. आधार दिला गेला तो १९८८ च्या शासन आदेशाचा. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी अशा बंदीला जाहीर विरोध केला. मुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं की निर्णय स्थानिक संस्थांचा आहे, कोणी काय खावं यात सरकारला रस नाही. म्हणजे ना तो राज्यभराचा नियम होता, ना सगळीकडे पाळली जाणारी परंपरा.

कायद्याची बाजू बघा. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेत पर्युषणाच्या नऊ दिवसांची कत्तलखानाबंदी वैध ठरवली. कारणं दोन: काळ थोडा, आणि मोठ्या जैन समाजाच्या पर्वाचा आदर. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की माणूस काय खातो ही त्याची खासगी बाब आहे आणि ती राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्कात येते. पुढे २०१५ साली मुंबईत पर्युषणात मांसविक्रीवर बंदी घातली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने विक्रीबंदीला स्थगिती दिली, कत्तलबंदी मात्र राहू दिली. न्यायालयं हा तोल असा एकेका प्रसंगापुरता तोलतात.

१५ ऑगस्टला यातलं पर्वाचं कारण लागूच होत नाही. तो कुठल्याच धर्माचा दिवस नाही, म्हणून तर तो सगळ्यांचा आहे. दारूबंदीशी तुलनाही मला पटत नाही. दारूवर राज्याचं नियंत्रण परवान्यापासून वयापर्यंत बारा महिने असतं. मटण हे लाखो घरांचं रोजचं अन्न आहे.

---

रवो_ने_सेव

"कोणाच्या धर्माला धक्का लागतो?" या प्रश्नाला १५ ऑगस्टपुरतं एक नेमकं उत्तर आहे: पारशांच्या.

शहेनशाही पंचांगात वर्ष ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही. म्हणून नवरोझ, म्हणजे नवं वर्ष, दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतो. २०२४ पासून २०२७ पर्यंत तो १५ ऑगस्टला येतो, २०२८ ला १४ ऑगस्टला जाईल. राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत २०२४ आणि २०२५ ला स्वातंत्र्यदिन आणि पारशी नवं वर्ष एकाच तारखेला छापलेले आहेत. आदेश काढण्याआधी ती यादी उघडून बघता आली असती.

त्या दिवशी सकाळी रवो (दुधातला रव्याचा गोड पदार्थ), शेवया आणि दही, काही घरांत उकडलेली अंडी. अग्यारीत जाऊन आलं की दुपारी पात्रा नी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेला मासा), साली बोटी (बटाट्याच्या सळ्या घातलेलं मटण), पुलाव-दाळ, मग फालुदा. मांस खाणं ही धार्मिक आज्ञा नाही, बरोबर. दिवाळीत फराळ करण्याचीही आज्ञा नाही.

अडचण व्यवहारातली आहे. पात्रा नी मच्छीला पापलेट ताजं लागतं. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापर्यंत पापलेट कमी आणि महाग. आदल्या दिवशी घ्यायचं झालं तर साफ करून, पूर्ण कोरडं पुसून, फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवा. हिरवी चटणी लावून रात्रभर ठेवू नका, लिंबाच्या रसाने मासा कडेने पांढरा पडतो आणि वाफवताना तुटतो. चटणी सकाळी लावा, केळीच्या पानात बांधा, बारा-पंधरा मिनिटं वाफवा. बोटीच्या मटणाला मात्र रात्रभर आलं-लसूण लावून ठेवलेलं मानवतं, म्हणून ते आदल्या दिवशी आणलं तरी चालतं.

मुंबईतच पारशी आता इतके थोडे उरलेत की मोर्चा निघणार नाही, पत्रक निघणार नाही. मला वाटतं म्हणूनच आदेश काढणाऱ्याने जास्त जपायला हवं.

---

कणसांचं_फेस्त

कॅथलिकांचंही लिहितो. १५ ऑगस्ट हा मारियामाउलीच्या स्वर्गारोहणाचा सण, आणि भारतात त्या दिवशी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणं बंधनकारक आहे. वसईपासून गोव्यापर्यंत चर्चमध्ये मिस्सा आणि लगेच आवारात झेंडावंदन, असा दुहेरी सोहळा असतो. त्यामुळे सोसायटीत आठ वाजता हजेरी घेऊन 'अमुक घरं आली नाहीत' असं म्हणू नये. नाश्ता दहापर्यंत उघडा ठेवलात तर ती माणसं येतात.

२०२५ ला तो दिवस शुक्रवार होता. एरवी शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिकालाही त्या दिवशी मुभा असते, कारण एवढा मोठा सण शुक्रवारी आला की चर्चच्या कायद्यानेच तो नियम सुटतो. आणि बंदी नेमकी त्याच दिवशी आली.

---

सुरीला_धार

धंद्याची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. बकरे बाजारातून दोन-तीन दिवस आधी घेतलेले असतात. ब्रॉयलर कोंबडी दुकानाच्या पिंजऱ्यात एक दिवस जास्त राहिली की वजन घटतं, आणि ऑगस्टच्या दमट हवेत मरतुक होते. सुट्टीचा दिवस म्हणजे विक्रीचा दिवस, तोच गेला. यात हिंदू खाटीकही आहेत आणि कुरेशीही. बंदी घालायचीच असेल तर महिनाभर आधी तारखा जाहीर करा, म्हणजे माल कमी भरता येतो. चार-पाच दिवसांची नोटीस म्हणजे नुकसान दुकानदाराच्या गळ्यात.

---

एडिसनची_खिचडी

अमेरिकेतलं सांगते, कारण इथे आपण दुसऱ्या बाजूला असतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. सण सरकारी आहे आणि टर्कीचं जेवण ठरलेलं. ऑफिसच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात) शाकाहारी मराठी माणूस टर्की टाळून बाकीचं घेतो आणि तिथेच फसतो. पावाच्या सारणात कोंबडीचं पाणी किंवा सॉसेज असतं. रताळ्यावरच्या मार्शमॅलोत जिलेटिन, पुष्कळदा डुकराचं. फरसबीच्या भाजीत कधी बेकन. 'पाय' या गोड पदार्थाच्या पारीत लार्ड (डुकराची चरबी) असू शकतं. ग्रेव्ही तर टर्कीच्या रसाचीच. सहज चालण्याजोगं म्हणजे क्रॅनबेरीची चटणी, लोण्यातला कुस्करलेला बटाटा आणि मका. त्यांतही बटाट्यात ग्रेव्ही घातलेली नाही ना, हे विचारून घ्यावं लागतं. मुसलमान आणि ज्यू सहकाऱ्यांची हीच यादी, वर हलाल किंवा कोशर (ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या) टर्कीचा प्रश्न. कोशर पाळणाऱ्याला मांसाबरोबर लोणीही नको, म्हणून तो बटाटा त्याला बाद.

टर्की दिसली म्हणून यातलं कोणी दुखावत नाही. ज्यांना दुखावण्याचं खरं कारण आहे ते मूळनिवासी, आणि त्यांना तो दिवसच दुखतो. १९७० पासून मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला त्याच दिवशी राष्ट्रीय शोकदिन पाळतात. त्यावर मेनू बदलणं हे उत्तर नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

---

ओली_मिरची

@एडिसनची_खिचडी, ऑस्ट्रेलियातलंही आठवलं. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या मांस उद्योगाच्या जाहिरातीत वेगवेगळ्या धर्मांचे देव आणि संस्थापक एका टेबलाशी बसून कोकरू खाताना दाखवले, त्यात गणपतीही होता. हिंदूंनी तक्रारी केल्या, भारतीय उच्चायुक्तालयानेही विषय मांडला. जाहिरात नियामकाने आधी तक्रारी फेटाळल्या, फेरतपासणीनंतर मान्य केल्या. कोकरू ऑस्ट्रेलियन लोक नेहमीच खातात, त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. गणपतीला त्या ताटाशी बसवलं, यावर होता.

---

गोदाकाठ

पारशी नवरोझ आणि मारियेचा सण त्याच दिवशी, हे खरंच माहीत नव्हतं. तो मुद्दा वजनदार आहे, तारखेबाबत तुमचं म्हणणं मान्य. सामाईक पंगत शाकाहारी असावी हे माझं मत कायम आहे, आणि @कलम_एकवीस यांनाही ते मान्य दिसतं.

---

मीठभाकर

वरचं धरून आमच्या बेताचा कच्चा आराखडा टाकतो, दुरुस्त्या सांगा.

आठ दिवस आधी सूचना: 'कोणते घटक चालत नाहीत, किती माणसं, कोणत्या वेळेआधी जेवता' एवढंच विचारायचं. धर्माचा रकाना नको, नाव ऐच्छिक. साडेसातला पहिला घाणा, बिनकांद्याचा. आठला ध्वजवंदन. नाश्ता साडेआठ ते दहा, दोन टेबलं एकमेकांना लागून. 'जैन टेबल' कोपऱ्यात ढकलायचं नाही. प्रत्येक पातेल्यासमोर कार्ड, त्यावर पदार्थाच्या नावाखाली सगळे घटक, तेल कोणतं तेही. मिठाई झाकून वेगळी. संध्याकाळचं जेवण सहाला सुरू, म्हणजे चौविहारवाले सातच्या आत उठतील. सामाईक पंगत शाकाहारी. ज्याला घरी मांस शिजवायचं त्याच्यावर कमिटीचा काडीचाही अधिकार नाही, आणि हे सूचनाफलकावर लिहायची गरज पडू नये.

राहिला श्रावणी शनिवारचा उपवास. साबुदाण्याची खिचडी ठेवायची तर १ किलो साबुदाण्यात १२ ते १४ माणसं धरली आहेत. वीस जणांसाठी दीड किलो पुरेल ना?

---

कढईवाला

दीड किलो पुरेल, पण भिजवताना पाणी साबुदाण्याच्या जेमतेम वर येईल एवढंच, आणि चार तासांनी बोटाने दाबून बघा. बटाटा घातलात तर त्याच कार्डावर लिहा, नाहीतर उपवासाचं म्हणून जैन शेजारी घेईल. बटाट्याऐवजी कच्चं केळं वाफवून, फोडी करून घाला, दोघांनाही चालतं.

आणि बिनकांद्याच्या पोह्यांत चव यावी म्हणून हिंग जास्त घालाल, तर तो हिंग खिचडीच्या कढईकडे जाऊ देऊ नका. बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो आणि त्याने उपवास मोडतो. डबी उलटून घटक वाचा. खिचडीला तूप-जिऱ्याची फोडणी, तीही वेगळ्या शेगडीवर. वीस जणांची खिचडी सव्वाआठला उतरवा. त्याआधी केलीत तर वाढेपर्यंत गोळा होते.